कासवाची चतुःसीमा

किशनरावांनी शेततळं खणलं तेव्हा त्यात तीन गोष्टी असायला हव्यात हे त्यांच्या मनात पक्कं होतं: तळाला प्लास्टिकचा कागद, त्यावर पाणी आणि पाण्यात कासव. पहिल्या दोन गोष्टी सरकारी योजनेत बसत होत्या. कासव कुठल्याच योजनेत बसत नव्हतं, म्हणून ते स्वतःच आणायचं त्यांनी ठरवलं.

झरी गावात त्यांच्या घराण्यात नव्या पाण्यात कासव सोडायची रीत होती. आजोबांनी विहीर खणली तेव्हा सोडलं, वडिलांनी दुसरी खणली तेव्हा सोडलं. कासव पाण्यातली घाण खातं, पाणी गोड राहतं आणि झरा आटत नाही, असं घरात सांगत. वडिलांच्या विहिरीतल्या कासवानं हे काम सत्तावीस वर्षं विनातक्रार केलं. पुढं शिवारात शे-दोनशे बोअर पडले, विहीर कोरडी झाली आणि एके दिवशी कासव दिसेना. कासव गेलं म्हणून विहीर आटली, असा निष्कर्ष घरात निघाला. बोअरची चौकशी कुणी केली नाही.

किशनराव स्वतः चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होते. जिल्हाभर लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. बांधावरून कुऱ्हाड घेऊन निघालेला माणूस त्यांच्या टेबलाशी आला की आधी बसायचा, मग चहा प्यायचा आणि मग कुऱ्हाड कुठं ठेवली ते त्याला आठवायचं नाही. अशा माणसानं निवृत्तीनंतर मोसंबीची दोनशे झाडं लावली आणि त्यांच्यासाठी शेततळं केलं, तर त्यात कासव नसणं बरं दिसलं नसतं.

फरक एवढाच की विहिरीला कपारी असतात, गाळ असतो, पायऱ्या असतात. शेततळ्याला पाचशे मायक्रॉन असतात. चारी बाजूंनी उतरता, तेवढ्याच जाडीचा, काळा, गुळगुळीत कागद. त्यात पडलेलं कुत्रं बाहेर येऊ शकत नाही, म्हणून माणसांसाठी कडेला दोर बांधून ठेवावा लागतो. हे किशनरावांना माहीत होतं. कासवाला दोर धरता येत नाही हेही माहीत होतं. पण ह्या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या फायलींत होत्या.

कासव आणायचं ते गोदावरीतलंच, आणि बापूच्याच हातचं. बापू भोई, सोनपेठच्या पुढं नदीकाठी त्याचं गाव. त्याच्या बापानं किशनरावांच्या वडिलांना कासव दिलं होतं, तेव्हा हा व्यवहार घराण्याचा होता. जानेवारीत किशनरावांनी पहिला फोन केला. बापू म्हणाला, “कासवं काय बाजारात मांडून ठिवलीत का भाऊसाहेब? वाळू गेली, तिच्या मागं कासवं गेली. अंडी कुठं घालतेल, डांबरी रोडवर?”

किशनरावांनी हा नकार मानला नाही, प्रथम उत्तर मानलं. चौतीस वर्षं अर्जदारांनी त्यांचा जसा पाठपुरावा केला होता तसा त्यांनी बापूचा सुरू केला. दर सोमवारी फोन. रागवायचं नाही, मागच्या फोनची आठवण करून द्यायची नाही, सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायचं आणि शेवटी वडिलांचं नाव काढायचं. हा मार शिव्यांपेक्षा वाईट असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बापू टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. मागं ओल्या गोणपाटात काहीतरी श्वास घेत होतं.

कासव परातीएवढं होतं आणि परातीइतकंच चपटं. पाठ टणक नव्हती. ओल्या कातड्यासारखी मऊ, शेवाळी रंगाची, तिच्यावर पुसट डोळ्यांसारखी वर्तुळं. नाक पुढं आलेलं, बारीक नळीसारखं. वडिलांच्या विहिरीतलं कासव लहान आणि घुमटासारखं होतं एवढं किशनरावांना आठवत होतं. हे मोठं आहे म्हणजे काम जास्त करील, असं त्यांना वाटलं.

“तुमी वडलाचं नाव घेऊ घेऊ बेजार केलाव म्हणून आणलं,” बापू म्हणाला. “तीन वर्सांत जाळ्यात आल्यालं हे एकच हाय. द्यायला मन होईना गेलंय, खरं सांगतो.”

त्यानं चहा घेतला, मोसंबीची पिशवी घेतली आणि सोडायच्या कार्यक्रमाला थांबा म्हटलं तर नदीवर काम आहे म्हणून निघून गेला.

कार्यक्रम मात्र रीतसर झाला. किशनरावांच्या पत्नी सुमंगलाबाई निवृत्त शिक्षिका. भूगोल शिकवायच्या आणि कासवावर त्यांचा विशेष विश्वास नव्हता. पण शेजारणी जमल्या होत्या. त्यांनी कासवाच्या मऊ पाठीला हळदकुंकू लावलं आणि ओटी भरायला नारळ पुढं केला. इतका वेळ परातीसारखं पडून राहिलेल्या त्या प्राण्यानं अंगातून वीतभर मान बाहेर काढली, मग आणखी वीतभर काढली आणि नारळाची शेंडी तोडून टाकली. शेजारणी मानाप्रमाणे मागं सरकल्या. किशनरावांनी फोटो काढला, कासव पाण्यात सोडलं आणि फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘आमच्याकडे नवीन कर्मचारी रुजू.’

पाऊण तासानं उत्तराचा फोन आला. उत्तरा सुमंगलाबाईंच्या बहिणीची मुलगी. परभणीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तिनं नवीन कर्मचाऱ्याबद्दल अभिनंदन केलं नाही. हे लीथचं कासव आहे, मऊ पाठीच्या कासवांतली एक जात, असं ती म्हणाली. आपल्या दख्खनच्या नद्या सोडून जगात कुठंच नाही, आणि आता इथंही नसल्यातच जमा. लोक खातात, जाळ्यात गुदमरतं, आणि नदीकाठची वाळू उपसली की अंडी घालायला जागा राहत नाही. कायद्यानं ह्याला वाघाच्या पंगतीला बसवलंय, पकडणं म्हणजे तुरुंग. आणि अंगानं बघता ही मादी दिसते, पोटात अंडी असायची शक्यता आहे.

“काका, तिला वाळू पाहिजे,” उत्तरा म्हणाली. “अंडी कोरड्या वाळूत पुरावी लागतात. तुमच्या त्या कागदावरून तिला चढताच येणार नाही. लवकर नदीत सोडायला हवी. मी इथं वनखात्यातल्या एकांशी बोलते, ते येतील, त्यांच्या देखत सोडू. तोपर्यंत तुम्ही काही करू नका.”

किशनराव त्या रात्री जेवले नाहीत. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक खाडाखोड झाली नव्हती आणि आता ते वाघाच्या बरोबरीच्या जनावराचे अपहरणकर्ते होते. काही करू नका म्हटल्यावर हातावर हात ठेवून बसणारा माणूस वेगळा. किशनरावांच्या मते जे काम कागदावर नाही ते झालेलंच नसतं. कासव नदीत सोडलं आणि कागद नसला, तर ते सुटलं हे उद्या कोण मान्य करणार? सकाळी उठून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि संबंधित कचेरीत अर्ज द्यायला गेले.

कचेरीत प्राण्यासाठी छापील नमुना नव्हता. झाडतोडीच्या परवानगीचा होता. टेबलावरचा माणूस म्हणाला, ह्याच्यावरच भरा, वरती ‘झाड’ खोडून ‘कासव’ लिहा. किशनरावांनी दोन तास बसून तो नमुना सुवाच्य अक्षरात भरला. ‘खोडाचा घेर’ ह्या रकान्यात पाठीचा घेर लिहिला. ‘झाड कोणी लावले’ ह्यापुढं, अर्जदाराने स्वतः नदीतून मागवले, असं प्रामाणिकपणे लिहिलं. ‘झाड फळधारी आहे काय?’ ह्यापुढं थोडा विचार करून ‘होय, असे समजते’ लिहिलं. ‘चतुःसीमा’ हा त्यांचा हातखंडा रकाना होता. पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेस पाणी. अर्ज तीन प्रतींत दिला, पोच घेतली आणि त्या रात्री ते दोन भाकरी जेवले.

उत्तराला हे दोन दिवसांनी कळलं. ती म्हणाली, “तुम्ही कबुलीजबाब दिलात काका. तीन प्रतींत.” जे गृहस्थ दुसऱ्या दिवशी येणार होते ते आता येऊ शकत नव्हते; प्रकरण टपालात गेलं होतं, आणि टपालातल्या गोष्टीला हात लावायचा तर टपालातूनच लावावा लागतो.

शेततळ्यात इकडं नवीन कर्मचारी कामाला लागला होता, पण नेमून दिलेल्या कामाला नव्हे. ऊन उतरलं की कासव कडेला यायचं, पुढचे दोन पाय कागदावर टेकायचं आणि चढायला लागायचं. हात-दीड हात चढायचं. ओल्या शेवाळावरून नखं सरकायची, कागदावर लांब ओरखडा उठायचा आणि ते पोटावर घसरत पाण्यात परत जायचं. थोडं पुढं सरकून दुसऱ्या जागी पुन्हा. असं ते चारी बाजू धरून फिरायचं. मोजणीच्या साखळीनं शेताची हद्द फिरावी तसं ते फिरायलंय, असं किशनरावांच्या मनात आलं, आणि मग ते कडेला बसेनासे झाले.

सुमंगलाबाई मात्र बसायला लागल्या. आधी कासवावर विश्वास नसलेली ही बाई आता रोज ऊन उतरताना बांधावर खुर्ची टाकून बसायची. चौथ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, “ती जागा हुडकायलीय.”

“पत्र येईल,” किशनराव म्हणाले.

“तिला वाचता येतं का?”

नवव्या दिवशी पत्र आलंच. ‘संदर्भाधीन वृक्ष/प्राणी पुढील आदेशापर्यंत व पंचनाम्यापर्यंत आहे त्या जागी व आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावा. त्यात कोणताही बदल झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी अर्जदाराची राहील.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. पत्रात एक शब्द वावगा नव्हता. किशनरावांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. पंचनामा कधी, हे विचारायला फोन केला तर कळलं की पंचनामा करणारे साहेब बदलून गेलेत आणि नवे अजून हजर व्हायचेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परभणीहून औषध घेऊन परत आले तेव्हा शेततळ्याच्या पूर्वेच्या उतारावर गोणपाटं दिसली. सुमंगलाबाईंनी आठ पोती एकाला एक शिवून वरच्या खुंट्याला बांधली होती आणि त्यांचा पट्टा पाण्यात सोडला होता. वर, बांधाच्या आत, दोन घमेली वाळू ओतली होती. घराच्या कोपऱ्यात बांधकामाची उरलेली होती ती. आणि कासव पट्ट्यावर होतं. तिसऱ्या पोत्यावर. नखं तागात रुतवून, मान पूर्ण बाहेर काढून, नळीसारखं नाक वाळूच्या दिशेला धरून थांबलेलं.

सुमंगलाबाई लिंबाच्या बुडाशी बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

किशनरावांना पोती दिसली, नखांनी कागदाला पडलेलं भोक दिसलं आणि खिळ्यावरचं पत्र दिसलं. हे सगळं एका वेळी दिसलं हीच त्यांची अडचण झाली. आहे त्या जागी. आहे त्या स्थितीत. उद्या नवे साहेब आले आणि कासव पाण्याऐवजी पोत्यावर सापडलं, पोत्यावरून शिवारात गेलं, तर? ते काठावर गेले. त्यांची सावली पडताच कासव उलटं फिरलं आणि धपकन पाण्यात गेलं. मग त्यांनी खुंट्याची गाठ सोडली आणि पट्टा वर ओढून घेतला. ओली पोती जड होती. बायकोकडं न बघता ती गुंडाळायला त्यांना पुष्कळ वेळ लागला.

सुमंगलाबाई खुर्ची घेऊन घरात गेल्या.

अंडी तिसऱ्या दिवशी सकाळी दिसली. काठाजवळच्या उथळ पाण्यात, काळ्या कागदावर, पांढरी, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी. काही उतारावरून घरंगळून खोल गेली होती. चार-पाच किशनरावांनी हातानं काढली. उत्तराला फोन लावला आणि वाळू आहे, आता वाळूत ठेवतो, असं घाईघाईनं सांगितलं. उत्तरा म्हणाली, पाण्यात पडलेली अंडी जगत नाहीत काका, ती बुडाली. तिला आणखी दम धरवत नाही तेव्हा ती टाकून देते. दुसरी खेप असते कधीकधी, दोनतीन आठवड्यांनी. असेलच असं सांगता येत नाही. ह्या जातीबद्दल फार कुणाला काही माहीतच नाही.

किशनराव अंडी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी सुमंगलाबाईंना हाक मारली आणि म्हणाले, “मोटार चालू कर. मी पाइप जोडतो.”

“किती सोडायचं?”

“सगळं.”

मे महिन्यात झरीच्या शिवारात शेततळं रिकामं करणारा माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला. जे पाणी मोसंबीला सहा आठवडे पुरवायचं होतं ते दोन दिवसांत बागेत गेलं. झाडांच्या आळ्यांत मावेना, सरीतून वाहून शेजाऱ्याच्या नापेर रानात गेलं. बघे जमले. एकानं विचारलं, भाऊसाहेब, काय हरवलं का आत? किशनराव हो म्हणाले आणि पुढं काही सांगेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर पाणी राहिलं तेव्हा टेम्पोसकट बोलावून घेतलेला बापू आत उतरला. तो शिसं लावलेलं जाळं घेऊन आला नव्हता. पायानं तळ चाचपत गेला, खाली वाकला आणि तिला मागच्या बाजूनं धरून उचललं. किशनरावांनी इकडं देवघराशेजारचं पत्र काढलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि ते टेम्पोत बसले.

उत्तरा परभणीला टेम्पोत चढली. तिनं एव्हाना नव्या साहेबांना फोन लावला होता. साहेब कालच हजर झाले होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, मॅडम, मी आज रजेवर आहे आणि तुमचा फोन मला लागलेला नाही. जागा मात्र नीट बघून सोडा. इतकं चांगलं सरकारी उत्तर चौतीस वर्षांत आपल्यालाही सुचलं नव्हतं, असं किशनराव मनात म्हणाले.

जागा नीट बघणं हेच अवघड होतं. बापूनं तीन घाट दाखवले. पहिल्या घाटावर वाळू नव्हतीच, नुसते खड्डे, एकेका खड्ड्यात टेम्पो बसेल एवढे, त्यांत हिरवं पाणी. दुसऱ्यावर जलपर्णी इतकी माजली होती की नदी आहे हे बापूच्या सांगण्यावरून मानावं लागलं. तिसऱ्यावर पोकलेन चालू होता आणि त्याचा ड्रायव्हर उतरून काय पाहिजे असं विचारायला आला. कासवाचं पोतं बघून, विकता का, असंही विचारलं. बापूनं टेम्पो वळवला.

चौथी जागा आडवळणाला होती. टेम्पो रस्त्यावर ठेवून पोतं दोघांनी धरून पाऊण किलोमीटर चालत न्यावं लागलं. आणि तिथं वाळू होती. काठापासून वर बाभळींपर्यंत, पांढरी, स्वच्छ, वाऱ्यानं रेघा काढलेली. किशनरावांना आपल्या लहानपणची गोदावरी एकदम ओळखीची वाटली. एवढी वाळू वाचली कशी, असं त्यांनी विचारलं.

“आबासायेब अन् दिनकरराव,” बापू म्हणाला. “चुलतभाऊ. घाटावर यायची वाट दोघायच्या बांधावरून हाय. अकरा वर्सं झाली, बोलणं न्हाई. एकानं वाटंत चर मारला, दुसऱ्यानं दगडं टाकली. ट्रक येतो कुठून? दोघायला वाळूची काय बी फिकीर न्हाई. नुसता दावा.”

गोणपाट उघडलं. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग मान काढली, वाळूवर दोन पावलं टाकली, थांबली, आणि पाण्याकडं वळून इतक्या झटक्यात गेली की उत्तराचा फोटो राहिला. पाण्यात दूरवर एकदा नाक वर आलं. नंतर काही नाही. उत्तरा डोळे पुसत होती. किशनरावांना वाटलं, झालं, सुटलो.

टेम्पोकडं परत येताना बापू म्हणाला, “आता चार दिवस सुखानं ऱ्हाईल.”

“चारच का?”

बापूनं सांगितलं ते असं. वाळूच्या गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, आबासाहेब आणि दिनकररावांत पडून मिटवायचं ठरवलं होतं. येत्या शुक्रवारी दोघांनी एका पंगतीला बसायचं, सुपारी फोडायची आणि वाट मोकळी करायची. शनिवारी मशीन घाटावर. दहा जूनला पावसाळ्याची उपसाबंदी लागते, तोवर जेवढं निघेल तेवढं तो काढणार होता. आणि तेवढ्या दिवसांत काय निघतं ते तिघांनी सकाळपासून तीन ठिकाणी पाहिलंच होतं.

उत्तरा म्हणाली, आपण तक्रार करू. किशनराव तिच्याकडं बघत राहिले. तक्रार म्हणजे अर्ज. अर्ज म्हणजे पत्र. त्यांनी मनात दिवस मोजले. आज मंगळवार. शुक्रवार ते दहा जून, दोन आठवडे आणि वर दोन दिवस. तिची दुसरी खेप असलीच तर ह्याच दिवसांत.

“बापू,” ते म्हणाले, “आबासाहेबांचं घर वाटेत आहे ना? मला दहा मिनिटं काम आहे. तुम्ही टेम्पोतच थांबा.”

आबासाहेबांनी त्यांना लगेच ओळखलं. पंधरा वर्षांपूर्वी गावात मोजणी आली होती तेव्हा भाऊसाहेब साखळी घेऊन हिंडले होते. अंगणात बाज टाकली, पाणी आलं. घरात लगबग होती. शुक्रवारच्या पंगतीचे पापड वाळत घातले होते. आबासाहेबांच्या पत्नी पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या त्या बोलतच. दिनकररावांची बायको बबिता ही त्यांची सख्खी पाठची बहीण, दोघी बहिणी एका घरात दिलेल्या. बाजेवर खोका होता, त्यातून त्यांनी नवं हिरवं लुगडं काढून किशनरावांना दाखवलं.

“शुक्रवारच्या दिशी बबिता यायलीय घरी,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्सं नदीवर धुणं धुताना तेवढी बघते. ती त्या दगडावर, मी ह्या दगडावर. तिच्या लेकीचं लगीन झालं, म्या अक्षता टाकाया बी गेले न्हाई. तुमीच सांगा भाऊसाहेब, रंग बरा हाय का?”

किशनरावांनी रंग बरा आहे म्हणून सांगितलं. चहात साखर मुद्दाम जास्त घातलेली होती. त्यांना त्या गावाचा नकाशा डोळ्यांपुढं लख्ख दिसत होता. दोघा भावांनी अकरा वर्षांत मोजणी कधी आणली नव्हती, कारण मोजणी आणली की खरं काय ते कळतं आणि मग भांडता येत नाही नीट. पण किशनरावांना खरं काय ते माहीत होतं. पंधरा वर्षं ते त्यांच्या डोक्यात निरुपद्रवी पडून होतं. दोन आठवडे पुरे होते त्यांना. फक्त बांधाचं भांडण कधी दोन आठवड्यांचं नसतं, हे जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“मिटवताय ते चांगलंच आहे, आबासाहेब,” ते म्हणाले. “वाट सोडायच्या आधी हद्दीचा दगड तेवढा बघून घ्या म्हणजे झालं. मोजणीत तो त्या मोठ्या बाभळीच्या पलीकडं निघाला होता. म्हणजे वाट सगळी तुमच्याच गटातून जाते.”

आबासाहेबांनी कप खाली ठेवला. “सगळी?”

“नकाशात तरी तसं आहे.”

“म्हंजी दिनकर अकरा वर्सं माझ्या जागंत दगडं टाकून मलाच अडवायलाय. अन् शुक्रवारी म्या त्याच्या पाया पडावं?”

“मी तसं म्हटलं नाही,” किशनराव म्हणाले. ते खरंच तसं म्हणाले नव्हते. त्यांच्या बोलण्यात खोटा शब्द एकही नव्हता.

आबासाहेब उठून आत गेले. आतून फोनवर त्यांचा आवाज यायला लागला. आधी हळू, मग चढा. पंचफुलाबाई चहाची किटली धरून उभ्या होत्या. त्या नवऱ्याच्या आवाजाकडं बघत नव्हत्या, किशनरावांकडं बघत होत्या.

“आजच सांगायचं हुतं का, भाऊसाहेब?” त्या म्हणाल्या. रागानं नाही, पत्ता विचारावा तसं.

किशनरावांनी उरलेला चहा पिऊन टाकला, टाकून उठणं बरं दिसलं नसतं. त्या तेवढ्यात बाजेवरचं लुगडं घडीवर घडी घालून परत खोक्यात ठेवत होत्या. आतून ‘शुक्रवारचं ऱ्हाऊ द्या’ असं ऐकू आलं. किशनराव उठले आणि दारात येऊन चपला शोधायला लागले. चपला समोरच होत्या. त्यांना पुष्कळ वेळ सापडल्या नाहीत.